तिघांचं भांडण, चौथ्याचा लाभ

आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘त्यांनी काय केलं?’

मी प्रायसिंगमध्ये आहे. साबण, शाम्पू, भांडी घासायचं लिक्विड... थोडक्यात, न्हाणीघर आणि मोरी हे आमचं कार्यक्षेत्र. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही एसीत बसून ग्राहकाच्या मनाचा अभ्यास करतो. तोही करतो, नाही असं नाही. पण सोमवारच्या मीटिंगचा पहिला तास जातो तो समोरच्या कंपनीवर. त्यांनी पाउच पाच ग्रॅमने बारीक केलं? आपण किती करायचं? त्यांनी बादली फुकट दिली? मग आपण मग द्यायचा का? (हसू नका. यावर सोळा स्लाइडचं प्रेझेंटेशन झालंय आणि ते मी केलंय.)

त्यामुळे माझे दोन जिव्हाळ्याचे विषय, नोकरी आणि व्हिडिओ गेम, वरवर कितीही लांबचे दिसले तरी आतून एकच आहेत. लोकांना वाटतं, सोनी, निंटेंडो आणि मायक्रोसॉफ्टमध्ये कोणीतरी हुशार माणूस भविष्याकडे बघत बसतो आणि पुढचा कन्सोल कसा असेल ते ठरवतो. छे! तिथेही सोमवारची मीटिंग असते. तिथेही तोच प्रश्न असतो. फक्त बादली आणि मगाच्या जागी अब्जावधी डॉलर असतात.

माझी गेमिंगची कारकीर्द सुरू झाली डोंबिवलीत, मावशीकडे. मे महिन्याची सुट्टी, गॅलरीत वाळत घातलेले सांडगे आणि आत टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम. मावसभाऊ, म्हणजे माझा दादा, कायम पहिला प्लेअर. मी कायम दुसरी. कॅसेटवर ‘९९९ इन वन’ असं लिहिलेलं, आत खरे गेम दहा-बारा आणि बाकी तेच पुन्हा वेगळ्या नावाने. चालेना की कॅसेट काढून फुंकर मारायची. मारिओ, काँट्रा, तो रणगाड्यांचा गेम... आठवलं ना? ते मशीन म्हणजे निंटेंडोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल होती, हे मला खूप नंतर कळलं. म्हणजे निंटेंडोची आपल्याकडची खरी स्पर्धा स्वतःच्याच डुप्लिकेटशी होती!

तिकडे अमेरिकेत मात्र त्याच सुमारास खरी मारामारी चालली होती. निंटेंडोचं राज्य होतं आणि सेगा नावाची जपानी कंपनी दारावर धडका मारत होती. १९९१मध्ये सेगाच्या अमेरिकेतल्या टीमने दोन गोष्टी केल्या. आपल्या जेनेसिस मशीनची किंमत उतरवली आणि नवा कोरा, सगळ्यात भारी गेम, ‘सोनिक’, खोक्यातच फुकट टाकला. वर जाहिरातीत सूर असा की, निंटेंडो तुमच्या धाकट्या भावासाठी, सेगा तुमच्यासाठी. आमच्या बादलीचे आजोबा म्हणायचे ते हेच.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणा वाटेल. कन्सोल विकून बहुतेकदा पैसे मिळत नाहीत. मे २०२१मध्ये अमेरिकेतल्या एका कोर्टात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की एक्सबॉक्सच्या मशीनवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. मग हे लोक खातात काय? तुम्ही कधी घरच्या लग्नासाठी हॉल शोधला असेल तर तुम्हाला उत्तर माहीत आहे. हॉलचं भाडं ऐकून आपण खूश होतो आणि मग मॅनेजर हळूच म्हणतो, केटरर मात्र आमचाच घ्यावा लागेल. कन्सोल म्हणजे हॉल. गेम म्हणजे ताट. मशीन तोट्यात विकायचं आणि त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गेममागे, तो कोणीही बनवलेला असो, आपला हिस्सा घ्यायचा.

म्हणून या धंद्यात ‘आमचं मशीन चांगलं’ याला फारसा अर्थ नाही. जास्त घरांत कोणाचा हॉल आहे आणि चांगले आचारी कोणाकडे स्वयंपाकाला येतात, यावर सगळं ठरतं. आचारी जातो जिथे पंगत मोठी असते, आणि पंगत मोठी होते जिथे आचारी चांगला असतो. एकदा हे चाक एकाच्या बाजूने फिरू लागलं की दुसऱ्याची झोप उडते.

या धंद्यातला माझा सगळ्यात आवडता किस्सा जून १९९१चा, शिकागोमधल्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनातला. सोनीने थाटात जाहीर केलं की आम्ही निंटेंडोबरोबर सीडीवर चालणारं मशीन आणतोय. नावही ठरलं होतं, ‘प्ले स्टेशन’. दुसऱ्याच दिवशी निंटेंडोने जाहीर केलं की सीडीसाठी आम्ही फिलिप्सबरोबर जातोय. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाकडच्यांनी भलत्याच मुलीचं नाव घालून पत्रिका वाटाव्यात, तसं! निंटेंडोने असं का केलं? कारण जुन्या कराराप्रमाणे सीडीवरच्या गेमचे हक्क सोनीच्या हातात जात होते. हॉल निंटेंडोचा आणि केटरर सोनीचा, हे निंटेंडोला परवडणारं नव्हतं. हिशेब म्हणून पाहिलं तर त्यांचं बरोबरच होतं.

फक्त समोरचा किती दुखावला जाईल हे हिशेबात धरायचं राहिलं. सोनीत केन कुतारागी नावाचे इंजिनिअर होते, जे या मशीनसाठी आधीपासून धडपडत होते. कंपनीतल्या अनेक मोठ्या लोकांना गेम म्हणजे पोरखेळ वाटायचा. पण अध्यक्ष नोरिओ ओगा यांना हा प्रकार झोंबला आणि कुतारागींना रस्ता मोकळा झाला. ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन आलं, सोनीचं एकटीचं. निंटेंडोने स्वतःचा सगळ्यात मोठा शत्रू स्वतः जन्माला घातला, तोही प्रतिस्पर्धी होऊ नये म्हणून घेतलेल्या निर्णयातून. (त्या मोडलेल्या सोयरिकीतलं एक नमुना मशीन पुढे सापडलं. २०२०मध्ये लिलावात ते ३ लाख ६० हजार डॉलरला गेलं.)

पुढचा अंक लॉस एंजेलिसमध्ये, मे १९९५. सेगाचं नवं मशीन, सॅटर्न, अमेरिकेत सप्टेंबरमध्ये यायचं होतं. पण सोनी येतेय म्हटल्यावर सेगाचा धीर सुटला. ई-थ्री प्रदर्शनाच्या स्टेजवरून त्यांनी जाहीर केलं की सॅटर्न आजपासूनच दुकानात, किंमत ३९९ डॉलर. काय शॉट आहे, असं वाटलं असेल क्षणभर. मग सोनीच्या भाषणाची वेळ आली. स्टीव्ह रेस नावाचे त्यांचे अधिकारी माइकपाशी आले, ‘२९९’ एवढंच म्हणाले आणि जाऊन बसले.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑफिसच्या बसमध्ये एकटीच हसत होते. माझ्या सोळा स्लाइड आणि त्यांचा एक आकडा!

सेगाची खरी अडचण मात्र त्या आकड्याच्या पलीकडची होती. चार महिने आधी येण्याच्या घाईत माल मोजकाच होता, म्हणून तो निवडक दुकानांनाच दिला गेला. ज्यांना मिळाला नाही त्यातल्या केबी टॉइजसारख्या साखळीने सेगाचं मशीन ठेवायलाच नकार दिला. गेम बनवणारेही तयार नव्हते, त्यांचे गेम सप्टेंबरच्या हिशेबाने चाललेले. म्हणजे हॉल उघडला, आचारी अजून गावाला.

निंटेंडोनेही त्याच सुमारास आपला हट्ट सोडला नाही. १९९६च्या निंटेंडो ६४मध्ये त्यांनी सीडी न घेता कॅसेटच ठेवली. कॅसेट महाग, बनवायला वेळ लागणारी आणि जागा कमी. सीडी स्वस्त आणि ऐसपैस. परिणाम? वर्षानुवर्षं निंटेंडोच्या पंगतीला वाढणारी स्क्वेअर कंपनी उठून सोनीकडे गेली आणि १९९७चा ‘फायनल फँटसी सेव्हन’ तीन सीडींवर प्लेस्टेशनला आला.

सेगाने १९९८मध्ये ड्रीमकास्ट काढून शेवटचा जोर लावला. जानेवारी २००१मध्ये त्यांनी कन्सोलच बंद करत असल्याचं सांगितलं. त्यांचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी आपल्या खाजगी संपत्तीतले सुमारे ७० कोटी डॉलर कंपनीला दिले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते वारले. डिसेंबर २००१मध्ये सोनिकचा गेम निंटेंडोच्या गेमक्यूबवर आला. दहा वर्षं ज्याच्या नावाने शंख केला, त्याच्याच अंगणात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

माझा पहिला पगार २००७चा. त्यातून पीएस टू घेतला, लॅमिंग्टन रोडवरून. आईचा प्रश्न अपेक्षित होता, ‘एवढ्या पैशांत खेळणं?’ मी म्हटलं, ‘अगं, डीव्हीडी प्लेअर आहे हा. गेम पण चालतात.’ आई गप्प. गंमत म्हणजे, २००० साली जपानमध्येही सोनीने हेच केलं होतं. डीव्हीडी प्लेअर तेव्हा महाग, आणि पीएस टूमध्ये तो आतच. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये नव्हता. जगभरातल्या आया अशाच गप्प झाल्या असाव्यात, कारण सोनीच्याच आकड्याप्रमाणे तब्बल १६ कोटी पीएस टू विकले गेले. आजवरचा विक्रम. आपल्याकडे तर जग पीएस थ्रीवर गेल्यानंतरही पीएस टूचीच चलती होती. २००९मध्ये खास भारतासाठी हनुमानाचा गेमसुद्धा आला त्यावर. (गल्लीतल्या दुकानात तेव्हा गेम कोणत्या डिस्कवर मिळायचे, यावर मी काही लिहिणार नाही.)

दादाने मात्र एक्सबॉक्स ३६० घेतला. अक्षय कुमार आणि युवराजच्या जाहिराती बघून, असं मी म्हणते. ऑनलाइन खेळायला मिळतं म्हणून, असं तो म्हणतो. दोघांचं मशीन वेगळं, म्हणजे डिस्क अदलाबदल बंद, जोडीने खेळणं बंद. दिवाळीत भेटलो की फराळासोबत भांडण. ग्राफिक्स कोणाचे भारी, कंट्रोलर कोणाचा. आमची आजी म्हणायची, यांना कंपनीवाले पगार देतात का?

मुळात मायक्रोसॉफ्ट या फंदात पडली तीही भीतीने. टीव्हीखालचं सोनीचं खोकं उद्या घरातला कॉम्प्युटर होऊन बसलं तर विंडोजचं काय, हा तो घोर. म्हणून २००१मध्ये पहिला एक्सबॉक्स आला, भरपूर तोटा सोसून. दुसऱ्या वेळी त्यांनी ठरवलं, सोनीच्या आधी पोचायचं. ३६० नोव्हेंबर २००५मध्ये, पीएस थ्रीच्या वर्षभर आधी, बाजारात आला. फायदा झालाच. पण मशीनं बंद पडण्याचं प्रमाण इतकं वाढलं की जुलै २००७मध्ये कंपनीला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली.

सोनीचं तिकडे उलटं झालं. १६ कोटींच्या वाटेवर असलेल्या माणसाला वाटतं, आपण काहीही विकू शकतो. २००६चा पीएस थ्री अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला. लोकांनी जास्त तास काम करून तो घ्यावा, अशा अर्थाचं कुतारागी बोलून गेले होते. आपल्याकडे एप्रिल २००७मध्ये तो ३९,९९० रुपयांना आला. माझा तेव्हाचा पगार इथे सांगत नाही, पण ‘जास्त तास’ म्हणजे किती, हे मी खरंच मोजलं होतं. विशेष म्हणजे एवढी किंमत लावूनही सोनी प्रत्येक मशीनवर तोटाच खात होती.

या सगळ्यात निंटेंडो काय करत होती? गेमक्यूब जेमतेम दोन कोटी सतरा लाख विकला गेला होता. सातोरू इवाता तेव्हा अध्यक्ष. त्यांनी ठरवलं की ताकदीच्या शर्यतीत उतरायचंच नाही. २००६चं ‘वी’ हे मशीन तंत्राने मागासलेलं, किंमत २५० डॉलर, आणि हातातला रिमोट हलवून टेनिस खेळायचं. ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर धरला नव्हता असे आजी-आजोबा खेळू लागले. दहा कोटींहून जास्त खपलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासात ‘त्यांनी काय केलं?’ हा प्रश्न बाजूला ठेवून घेतलेला हा एकमेव मोठा निर्णय. आणि बाकीच्यांनी काय केलं? अर्थात तेच! २०१०मध्ये सोनीने हलवायची कांडी काढली, मायक्रोसॉफ्टने काइनेक्ट नावाचा कॅमेरा.

त्या कॅमेऱ्यानेच पुढे घात केला.

२०१३ सालावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तेव्हा पहिल्यांदा या कंपन्यांच्या भांडणाचा माझ्या रोजच्या जगण्याशी थेट संबंध आला. ऑफिसात आमचा सात जणांचा डिस्क क्लब होता. गेमची किंमत तीन-चार हजार, त्यामुळे प्रत्येकाने वर्षात दोन घ्यायचे आणि चौदा खेळायचे. अकाउंट्समधला एक जण एक्सेल शीट ठेवायचा, कोणाकडे कोणती डिस्क, कधीपासून. गेम खेळून झाला की हिरापन्नात किंवा ओळखीच्या दुकानात निम्म्या किमतीला परत. हे आमच्यासाठी गेमिंग होतं. एकट्याने सगळं विकत घेऊन खेळणं तेव्हा आमच्यापैकी कोणालाही परवडलं नसतं.

आणि मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्स वनचे नियम सांगितले. मशीनने चोवीस तासांत एकदा तरी नेटला लागलं पाहिजे, नाहीतर गेम बंद. डिस्क मित्राला द्यायची तर एकदाच आणि तोही तुमच्या फ्रेंड लिस्टमध्ये किमान तीस दिवस असलेला हवा. म्हणजे मैत्रीलाही नोटीस पीरियड! शिवाय काइनेक्ट सक्तीचा, म्हणून किंमत ४९९. नेट नसलेल्यांनी काय करायचं, या प्रश्नावर त्यांच्या प्रमुखांचं उत्तर होतं, त्यांच्यासाठी जुना ३६० आहेच की. मशीन सुरुवातीला ज्या देशांत येणार त्या यादीत भारत नव्हताच, ते वेगळं.

१० जून २०१३, पुन्हा लॉस एंजेलिस. सोनीने सांगितलं, पीएस फोरची किंमत ३९९. जुने गेम विका, उसने द्या, आमची काही अट नाही. आणि सोबत एक व्हिडिओ, अर्ध्या मिनिटापेक्षाही छोटा. ‘पीएस फोरवर गेम शेअर कसा करायचा?’ पायरी पहिली : सोनीचे शुहेई योशिदा शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात डिस्कचा डबा देतात. तो म्हणतो, थँक्स. संपलं.

सात वर्षांपूर्वी लोकांना जास्त तास राबायला सांगणारी हीच कंपनी बरं का. मधल्या काळात मार खाल्ल्यावर स्वभाव सुधारला होता. नऊ दिवसांत, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टने ते सगळे नियम मागे घेतले. आमची एक्सेल शीट वाचली. ती वाचवली ती कोणा ग्राहक चळवळीने एकटीने नाही. लोक ओरडले हे खरंच, पण ओरडणाऱ्यांना जायला दुसरं दुकान होतं आणि त्या दुकानाचं शटर नेमकं तेव्हाच उघडलं.

पण आता प्रायसिंगवाल्या बाईचं ऐका. त्याच दिवशी, टाळ्यांच्या कडकडाटात, सोनीने अजून एक गोष्ट हळूच सांगून टाकली. पीएस थ्रीवर फुकट असलेलं ऑनलाइन खेळणं पीएस फोरवर पैसे भरूनच. ही फी मायक्रोसॉफ्ट २००२पासून घेत होती. दहा वर्षांत लोकांना सवय झाली, हे सोनीने बघितलं आणि उचललं. समोरच्याची चूक आपण करत नाही, पण समोरच्याने ग्राहकाला लावलेली सवय मात्र प्रेमाने घेतो. आमच्याकडे पाउच बारीक होतात ते असेच. एकाने केलं आणि ग्राहक गप्प राहिला, की पुढच्या तिमाहीत दुसऱ्याचंही बारीक.

पीएस फोर जिंकला. ११ कोटी ७० लाख. मायक्रोसॉफ्टने मशीनच्या विक्रीचे आकडे देणंच बंद केलं. पुढे २०२२मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकापुढे त्यांनीच मान्य केलं की सोनीने आपल्या दुप्पटीहून जास्त विकले. आणि जिंकल्यावर सोनी पुन्हा जुन्या वळणावर. दुसऱ्या मशीनवरच्या मित्राबरोबर खेळू द्यायला ती सप्टेंबर २०१८पर्यंत तयार नव्हती. हरलेली मायक्रोसॉफ्ट मात्र दिलदार झाली. २०१७मध्ये गेम पास आणला, महिन्याला दहा डॉलर आणि शंभरएक गेम. थाळीऐवजी मेस लावल्यासारखं. दादा तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. ‘तुमच्याकडे आहे का असलं काही?’ हे त्याने मला किती वेळा ऐकवलं, मोजदाद नाही.

तरी ते चाक काही उलटं फिरलं नाही. तेव्हाचे एक्सबॉक्सप्रमुख फिल स्पेन्सर २०२३मध्ये म्हणाले त्याचा आशय असा, की आम्ही हरलो ती नेमकी ज्या फेरीत हरायला नको होतं ती, कारण त्याच काळात लोकांनी आपले डिजिटल गेम साठवायला सुरुवात केली. बरोबर आहे. डिस्क विकून दुसऱ्या कंपनीकडे जाता येतं. डिजिटल गेम विकता येत नाही, मग माणूस जाईल कुठे? ६,८७० कोटी डॉलर मोजून मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घेतली. एवढे आचारी पोसायचे तर एका हॉलच्या पंगतीवर भागेना. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांनी आपले चार गेम दुसऱ्यांच्या मशीनवर द्यायचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२५मध्ये ‘गिअर्स ऑफ वॉर’ प्लेस्टेशनवर आला. त्या ऑक्टोबरमध्ये घोषणा झाली, ‘हेलो’सुद्धा येतोय.

हेलो! म्हणजे एक्सबॉक्सचा मारिओ, एक्सबॉक्सचा सोनिक. मघाशी म्हटलं होतं ना, ते वाक्य पुन्हा लागेल.

मी दादाला चिडवायला फोन केला. वीस वर्षांची उधारी होती. तो म्हणाला, ‘हो, वाचलं,’ आणि मुलाच्या परीक्षेबद्दल बोलायला लागला. मलाही मग फार मजा आली नाही. त्याच्या खात्यात दीडशेच्या वर गेम आहेत. नवं मशीन आणणार असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, एएमडीबरोबर काम चाललंय, म्हणजे उद्या काही बुडणार नाही. पण सेगाही एकदम नव्हती गेली.

माझी काळजी वेगळी आहे, आणि ती सोनीची ग्राहक म्हणून आहे. आजवर या धंद्यात एक नियम होता, मशीन जुनं झालं की स्वस्त होतं. अमेरिकेत पीएस टू २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९मध्ये ९९ला मिळू लागला. पीएस फाइव्ह २०२०मध्ये ४९९ला आला आणि ऑगस्ट २०२५मध्ये ५४९ डॉलर ९९ सेंट झाला. पाच वर्षं जुनं मशीन महाग! त्याच ऑक्टोबरमध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९९वरून चढत चढत ६४९ डॉलर ९९ सेंटवर पोचला आणि गेम पासचा वरचा प्लॅन २० डॉलरवरून ३० वर. कारणं खरी आहेत. चिप्स महाग, महागाई, टॅरिफ. मीही अशी पत्रकं लिहिते, त्यातलं एकही कारण खोटं नसतं. पण खर्च वाढला म्हणून भाव वाढवायची हिंमत कधी होते? समोरचा ‘२९९’ म्हणून खाली बसणार नाही याची खात्री असते तेव्हा.

आणि डिस्कचं काय? २०२०च्या सिरीज एसमध्ये डिस्कची खाच नाही. २०२४च्या पीएस फाइव्ह प्रोमध्ये नाही, ती वेगळी विकत घ्यायची. निंटेंडोच्या २०२५च्या स्विच टूवर काही कॅसेटच्या आत गेमच नसतो, फक्त किल्ली असते; गेम नेटवरून उतरवायचा. तिघं भांडत होते तोवर ठीक होतं. या एका बाबतीत तिघांचं एकमत होताना दिसतंय.

नोव्हेंबर २०२५मध्ये व्हॉल्व्हने स्टीम मशीन जाहीर केलं, टीव्हीला जोडायचं खोकं. त्या आठवड्यात मी ऑफिसात उगाचच खुशीत होते. ते मी घेईन असं नाही. पण सोनीच्या पुढच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारणार, ‘त्यांनी काय केलं?’

दादाचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याने यंदा वाढदिवसाला कन्सोल मागितला आणि कोणता घ्यायचा हे ठरवायचा मान चक्क आत्याला मिळाला. दादा म्हणाला, ‘तूच सांग. मी बोललो तर पक्षपात होईल.’ मी त्याला डोंबिवलीतल्या त्याच्या सोसायटीत कोणाकडे काय आहे ते विचारून यायला सांगितलं. चार पीएस फाइव्ह, एक स्विच, आणि एक्सबॉक्स फक्त बाबांचा. म्हणून पीएस फाइव्ह, डिस्कवाला. खाचेसाठीचे जास्तीचे पैसे मी घातले. सोबत दोन गेम, दोन्ही डिस्कवर.

परवा त्याचा फोन आला. ‘आत्या, फुटबॉलचा गेम मी चौथ्या मजल्यावर दिलाय आणि त्यांच्याकडून स्पायडरमॅन आणलाय. शनिवारपर्यंत. चालेल ना?’

म्हटलं, वहीत लिहून ठेव.